भिंतीत अडकलेलं उत्तर

“बाहेर त्रेचाळीस अंश. आत पंचेचाळीस अंश. सदर इमारत नापास!”

सातूनानाने निकाल जाहीर केला आणि पोटातून टर्रकन एक कागद काढून कस्तुरीच्या आईच्या हातात दिला. सातूनाना म्हणजे कुणी म्हातारे गृहस्थ नव्हेत हो. तो जिल्हा कार्यालयातून आलेला यंत्रमानव. खरं नाव ‘इमारत तपासनीस क्रमांक सात’. पण सावखेडीत एवढं लांबलचक नाव कोण घेत बसतंय? त्याने गावात पाऊल, म्हणजे चाक टाकलं त्याच दिवशी पोरांनी त्याचं बारसं उरकून टाकलं.

नापास झाली होती ती गावची जुनी शाळा. एकशेवीस वर्षांची, दोन हात जाड दगडी भिंतींची, कौलारू. बारा वर्षांपूर्वी शाळा नव्या इमारतीत गेली, तेव्हापासून इथे कबुतरं, तीन मोडके बाक आणि ऑस्ट्रेलिया निखळून पडलेला एक पृथ्वीगोल, एवढेच विद्यार्थी उरले होते.

आता सरकारने ठरवलं होतं की अशा रिकाम्या शाळांमध्ये हरित उद्योग आणि प्रशिक्षण केंद्र काढायचं. तिथे सौरपंप दुरुस्त करायचे, थकलेल्या बॅटऱ्यांना पुन्हा कामाला लावायचं आणि हे सगळं गावातल्या लोकांना शिकवायचं. कस्तुरीची आई, वनिता, हेच काम एका पत्र्याच्या शेडमध्ये करत होती. केंद्र सावखेडीला मिळालं की तीच ते चालवणार होती.

अट एकच. दुपारी तीन वाजता, आत तीस माणसं बसलेली असताना, इमारत बाहेरपेक्षा निदान सहा अंशांनी गार हवी, तीही वातानुकूलन यंत्र न लावता. हरित केंद्रानेच विजेवर गारवा विकत घ्यायचा म्हणजे तंबाखू मळत मळत व्यसनमुक्तीवर भाषण ठोकण्यासारखं झालं.

“हात्तिच्या! मग पाडा ही आणि नवी बांधा,” सरपंच भिकनकाका म्हणाले.

“सदर सूचना चुकीची आहे,” सातूनाना म्हणाला. “या भिंतींचे दगड फोडताना, चुना भाजताना, कौलं भाजताना पुष्कळ ऊर्जा खर्च झाली. ती या इमारतीची कोंडलेली ऊर्जा (वस्तू बनवताना एकदाच खर्च झालेली, परत न मिळणारी ऊर्जा). इमारत पाडली की ती वाया. नवी बांधायची तर तेवढी पुन्हा खर्च करा. असा उधळेपणा योजनेत बसत नाही. शनिवारी फेरपरीक्षा. तेव्हाही नापास, तर केंद्र जिल्ह्याच्या गावाला जाईल.”

कस्तुरी मनात हिशोब करू लागली. केंद्र शहरात गेलं तर आईही तिकडे जाणार आणि आईबरोबर तीही. आजोबा मात्र सावखेडी सोडायला साफ नकार देऊन बसले होते. मग त्यांना संध्याकाळी चहा कोण देणार? आणि कोड्यांची उत्तरं चुकली म्हणून ते खेकसणार तरी कुणावर?

आजोबा म्हणजे नेहेते गुरुजी. याच शाळेचे मुख्याध्यापक आणि विज्ञानाचे शिक्षक. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका वर्षात इथली कॉपी बंद करून दाखवली होती. ग्रामपंचायतीत त्यांचा फोटो लावलेला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘कॉपीमुक्तीचे भगीरथ’. आजोबा रोज तिकडून चक्कर मारत आणि आपण फोटोकडे बघतच नाही असं दाखवत.

“आजोबा, तुम्ही तर म्हणता, पूर्वी या शाळेत मे महिन्यातसुद्धा गार वाटायचं,” कस्तुरी म्हणाली. “भिंती त्याच, कौलं तीच. मग आता आत भट्टी का?”

“हवामान बदललं,” आजोबा म्हणाले.

“पण मग बाहेरही तेवढंच बदललं ना? आत बाहेरपेक्षा जास्त का?”

आजोबांना एरवी असा प्रश्न आला की कोण आनंद व्हायचा. आज ते छत्री उघडून घरी निघून गेले.

कस्तुरीने सातूनानाला गाठलं. तो लिंबाखाली उभा होता. “सदर यंत्र तापलं आहे. दहा मिनिटं सावलीची रजा,” तो म्हणाला.

“रजा संपली की मला भिंतींचं उष्णता-छायाचित्र (उजेडाऐवजी उष्णता दाखवणारं चित्र) काढून देशील?”

“अर्ज करा.”

कस्तुरीने तोंडी अर्ज केला. तो मंजूर झाला.

चित्रात उत्तरेची भिंत निळसर दिसत होती. पण खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ओळीने अकरा तांबूस चौकोन! कस्तुरीने वर पाहिलं. आढ्याखाली, अगदी उंचावर, अकरा झरोके होते, उघडे. वर अकरा भोकं, खाली अकरा चौकोन. हा योगायोग कसा असेल?

ती चित्र घेऊन घरी पळाली. “आजोबा, हे काय आहे?”

“भिंत आहे. भिंतीला भिंत म्हणतात. जा, सतराचा पाढा म्हण.”

कस्तुरीला सतराचा पाढा चार वर्षांपासून येत होता. आजोबा काहीतरी लपवताहेत, हे तिला तिथेच कळलं. तिने आईच्या पेटीतून छिन्नी आणि हातोडी उचलली आणि शाळेच्या मागच्या बाजूला जाऊन पहिल्या चौकोनावर ठाकठूक सुरू केली. गिलावा पडला आणि आत दगड नाही, विटा दिसल्या!

आवाज ऐकून भिकनकाका आले. विटा बघताच त्यांचा चेहरा खुलला. “अगं बाई! ही तर माझी खिडकी! इथेच पालथा पडून मी सुदामला चिठ्ठ्या...”

आणि त्यांनी जीभ चावली. कारण मागे छत्री घेऊन नेहेते गुरुजी उभे होते.

“तू होतास होय रे भिकन?” गुरुजी सावकाश म्हणाले. “मला आतून फक्त हात दिसायचा. पस्तीस वर्षं मी त्या हाताचा मालक शोधतोय.”

सरपंचांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण कान कुणी पकडायच्या आधीच लाल झाले होते. “धाकटा भाऊ, गुरुजी. दहावीला बसला होता. म्हटलं, तेवढीच मदत.”

“तुला बोलून काय उपयोग!” गुरुजी दगडावर बसले. “कॉपी थांबवायची म्हणून एका सुट्टीत मीच ही अकरा भोकं बुजवली. कॉपी थांबली, माझा सत्कार झाला. पण ही भोकं इथे का आहेत, हे एकदाही मनात आलं नाही. जन्मभर पोरांना ‘का?’ विचारलं आणि भिंत लिंपताना स्वतःला विचारलं नाही. दुपारी सातूनानाने नापास म्हटलं तेव्हाच मला कळलं. पण सांगायची लाज वाटली गं.”

कस्तुरीला आजोबांचा राग यायला हवा होता. पण तिला त्यांचं वाईटच वाटलं. “मग आता काढूया ना या विटा,” ती म्हणाली आणि पहिली वीट ओढली.

विटेबरोबर एक सुरळी खाली पडली. रबर कधीच विरघळून गेलं होतं, कागद पिवळा पडला होता, पण अक्षर दिसत होतं. कस्तुरीने मोठ्याने वाचलं: “प्रश्न चार. गरम हवा वर का जाते? उत्तर. हवा तापली की पसरते. पसरली की हलकी होते. हलकी झाली की वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते.”

“हीच ती!” भिकनकाका ओरडले. “ही फटीत अडकली आणि सुदामला मिळालीच नाही! चार मार्कांचा प्रश्न होता आणि चारच मार्कांनी नापास झाला बिचारा!”

गुरुजी मात्र चिठ्ठीकडे बघतच राहिले. “आपल्या शाळेचं उत्तर मीच भिंतीत गाडलं होतं,” ते पुटपुटले. मग त्यांच्या आवाजात जुना मास्तर जागा झाला. “कस्तुरे, उदबत्ती आण!”

एव्हाना संध्याकाळ झाली होती, बाहेर निवत चाललं होतं. आजोबा आणि नातीने वरच्या झरोक्यांपाशी जाणारी वाट मोकळी आहे ना ते पाहिलं आणि पेटलेली उदबत्ती भोकाशी धरली. धूर क्षणभर घुटमळला आणि सरळ आत ओढला गेला. आत जाऊन बघतात तर तो हळूहळू आढ्याकडे चढत होता.

“बोल, काय झालं?” गुरुजी म्हणाले.

“आतली गरम हवा हलकी, ती वरून पळतेय. तिची जागा भरायला बाहेरची गार हवा खालून आत येतेय.”

“शाब्बास. याला चिमणी-परिणाम म्हणतात (धुराड्यासारखी हवा आपोआप वर ओढली जाणं). पंखा नको, वीज नको. आता पुढचं. जाड भिंतीचं काय?”

कस्तुरीने भिंतीला हात लावला. भिंत अजून गरम होती. “भिंत दिवसभर उष्णता पिते. उशिरा तापते, उशिरा निवते. रात्री या भोकांतून वारा फिरला असता तर सकाळपर्यंत ती गार झाली असती. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उष्णता प्यायला मोकळी! पण आपण भोकंच बुजवली. मग ती रोज पीतच राहिली, एकदाही रिकामी झाली नाही.”

“याला औष्णिक जडत्व म्हणतात (तापायला आणि निवायला वेळ घेण्याचा गुण),” सातूनाना मागून म्हणाला. “सदर मुलीची नोंद घेतली आहे.”

अकराही भोकं उघडली गेली. चोर आणि मांजरं येऊ नयेत म्हणून आईने लोखंडी जाळ्या बसवल्या आणि मोडक्या बाकांच्या फळ्यांची दारं केली. संध्याकाळी दारं उघडायची आणि सकाळी ऊन चढायच्या आत लावायची, म्हणजे दिवसा तापलेली हवा आत यायची नाही. पहिल्या दिवशी आतला आकडा बाहेरपेक्षा दोनच अंशांनी खाली आला. दुसऱ्या दिवशी चार. शुक्रवारी सात! कस्तुरी त्या दिवशी जेवताना इतकी बोलली की भाकरी संपलेली तिला कळलीच नाही.

शनिवारी सव्वादोनला सातूनाना आत आला आणि त्याच्या मागोमाग अख्खं गाव. सावखेडीत काहीही तपासायचं असलं की ते बघायला सगळ्यांनी जायचं, असा रिवाज आहे. दोनशे माणसं भिंतींना चिकटून उभी राहिली.

“बाहेर बेचाळीस. आत अडतीस. फरक चार,” सातूनाना म्हणाला. आईचा चेहरा पडला. कस्तुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. काल सात होता तो आज चार कसा? भिंती त्याच. भोकं तीच. मग आज वेगळं काय आहे?

तिने डोळे पुसून आजूबाजूला पाहिलं. माणसं! “सातूनाना, एक माणूस किती उष्णता सोडतो?”

“बसलेला माणूस साधारण शंभर वॅट. म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याइतकी.”

“म्हणजे इथे दोनशे दिवे लागलेत! अट तर तीस माणसांची आहे!”

भिकनकाका म्हणाले, “लोकहो, कृपया बाहेर...” कोण ऐकतंय? प्रत्येकाला वाटत होतं, बाहेर जायचं ते शेजारच्याने.

तेवढ्यात गुरुजींनी छत्री जमिनीवर आपटली. “रांगेत! उंचीप्रमाणे! आवाज नको!”

काय सांगू, सावखेडीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली. दोनशे डोकी सुतासारखी सरळ झाली. सरपंच सगळ्यांत पुढे, हात पाठीमागे. आईचे तीस शिकाऊ तेवढे आत बसले. दार लागलं. अर्धा तास भिंती ती जास्तीची उष्णता पीत राहिल्या.

“बाहेर बेचाळीस. आत पस्तीस पूर्णांक आठ,” सातूनाना म्हणाला. “सदर इमारत पास. सदर यंत्रालाही इथे बरं वाटत आहे.”

कस्तुरीने आधी आईला मिठी मारली, मग आजोबांना. आजोबांनी चष्मा पुसायचा बहाणा केला, पण तो त्यांनी घातलेलाच नव्हता.

केंद्र सुरू झालं त्या दिवशी ती चिठ्ठी चौकटीत घालून तिथल्या भिंतीवर लावली. चौकट ग्रामपंचायतीतल्या ‘भगीरथ’ फोटोची. तो फोटो गुरुजींनी स्वतः उतरवून आणला होता. जिल्ह्यात अशा आणखी एकशे चौदा शाळा रिकाम्या आहेत, असं सातूनाना सांगत होता, आणि त्यांच्या भिंतींतली भोकं कुणी कुठे बुजवली असतील याचा कस्तुरी विचार करत होती.

तीस शिकाऊंमध्ये शेवटच्या बाकावर पन्नाशीचा एक माणूस सौरपंप खोलून बसला होता. तो सुदाम. दहावीनंतर शाळेचं तोंडही न पाहिलेला. गुरुजींनी चौकट लावायच्या आधी लाल पेन काढून चिठ्ठीवर गुण दिले होते. सुदाम उठून वाचायला गेला.

“साडेतीन? गुरुजी, चारांनी गेलो होतो मी! म्हणजे अजून नापासच?”

“उत्तर पस्तीस वर्षं उशिरा दिलंस, त्याचा अर्धा कापला,” गुरुजी म्हणाले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “उशीर माझ्यामुळे झाला, ते मला माहीत आहे. तो अर्धा इथे मिळव. पंप सुरू करून दाखव.”

सुदाम बाकावर जाऊन बसला. संध्याकाळी, कस्तुरी खालची दारं उघडायला आली तेव्हा, पंप सुरू झाला होता आणि गुरुजी लाल पेन शोधत होते.