काचेच्या पेटीत दोन हात

डाव्या हातमोज्याला भोक पडलं, तेही नेमकं बाटली उघडी असताना.

हवाबंद काचेची पेटी, दोन्ही बाजूंनी तिच्या आत गेलेले जाड रबरी हातमोजे, आणि त्यांत हात घालून बाहेरूनच काम करायचं... असा त्या संशोधिकेचा रोजचा संसार. आई तर म्हणायची, "एकदाचं त्या पेटीशीच लग्न कर." पेटीत होती चिमूटभर काळी भुकटी. नव्या बॅटरीसाठी सहा महिने खपून केलेली, आणि हवा लागली की मातीमोल.

तिनं डावा हात मोज्यासकट बाहेर ओढून भोक मुठीत आवळलं. पण एका हातानं झाकण लावणार कसं? तेवढ्यात दारातून एक मेकॅनिक डोकावला.

"एसीची तक्रार इथलीच का?"

"एसी राहू दे. आधी समोरून हात घाला."

माणूस शहाणा. का, कशाला, विचारत बसला नाही. समोरच्या हातमोज्यात हात घालून त्यानं बाटली धरली, तिनं उजव्या हातानं झाकण फिरवलं. झाकण केव्हाच घट्ट बसलं, तरी कुणी हात मागे घेईना. काचेपलीकडून तो बघत होता. तीही...

"सोडू का आता?"

"हं... सोडा," ती म्हणाली. मनातून नको होतं, खोटं कशाला बोला.

त्यानं हातमोजा बदलून दिला आणि मग दर मंगळवारी पेटीतलं प्रेशर बघायला येऊ लागला.

"इतकी बारीक भुकटी कशाला?" एकदा त्यानं विचारलं.

"चार्ज होताना कण फुगतात. मोठे असले की तडकतात. बारीक असले की तग धरतात."

"आमच्या साहेबांना सांगायला हवं. फार फुगतात ते."

ती खळखळून हसली. दिवसभर हसत राहिली. पण बाई मोठी चिकित्सक. तीनतीनदा मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची नाही. याच्या मनातलं मोजायला यंत्र कुठून आणणार? म्हणून ती गप्प. तोही गप्प.

मग एका मंगळवारी तो हत्यारांच्या पिशवीशिवायच आला.

"सोमवारपासून माझी बदली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. इथलं सगळं नव्या माणसाला समजावलंय. चांगला आहे तो."

आता गप्प बसलीस तर बस मग जन्मभर, तिनं स्वतःलाच सुनावलं.

"हातमोजा कोणीही बदलेल," ती म्हणाली. "पण मंगळवारी मला तुम्ही लागता. बुधवारी, गुरुवारीसुद्धा. मला... आवडता तुम्ही. तुमचं काय ते मला माहीत नाही."

त्यानं पेटीजवळची प्रेशरची वही उचलली आणि पानं उलटू लागला. तिला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात.

"प्रेशर पहिल्या आठवड्यापासूनच ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "दर मंगळवारी वहीत काय लिहायचं, तेच सुचत नव्हतं."

तिनं हात पुढे केला. त्यानं आपला हात पँटला पुसला, मग तिच्या हातात दिला. त्या दिवशी जाड रबरातून हाच हात केवढा खंबीर वाटला होता. आज मधे ना रबर होतं, ना काच. तिनं तो घट्ट धरून ठेवला.