दोन ठिपके

कर्करोग तपासणीची ती प्रयोगशाळा दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर होती, आणि तिथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ बाईंना सगळे ताईच म्हणत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, त्यांचे केसाहून पातळ काप काचेवर रंगवायचे आणि पेशीत एक ठरावीक जनुक किती वेळा आलंय ते मोजायचं, हे त्यांचं काम. निरोगी पेशीत लाल ठिपके दोन. काही गाठींत दहा, पंधरा, वीस. औषध कोणतं द्यायचं ते त्यावर ठरे.

प्रत्येक तपासणीला तुलनेसाठी एक निरोगी काप लागतो. तो ताईंचाच असे. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या छातीतली साधी गाठ काढली, तेव्हा भोवतालचा चांगला तुकडा त्यांनी इथेच ठेवून घेतला होता. "फुकट जाण्यापेक्षा कामाला तरी येऊ दे," म्हणाल्या होत्या.

"ताई दोन पाळ्या करतात," प्रयोगशाळेचे डॉक्टर चेष्टा करत. "एक खुर्चीवर, एक काचेवर."

एका मंगळवारी दुपारी रुग्णाची स्लाइड स्वच्छ निघाली आणि ताईंच्या कापात मात्र प्रत्येक पेशीभोवती गर्द तपकिरी कडं उमटलं. म्हणजे त्या जनुकाचं प्रथिन बेसुमार वाढलेलं.

"रंग जास्त वेळ राहिला असेल," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. कडं आणखी जाड झालं. ताईंनी अंधाऱ्या खोलीत जाऊन अंधारातच चमकणारे ते लाल ठिपके मोजले. पेशीगणिक चार. बुधवारी त्याच स्लाइडवर, त्याच पेशींत, सात. डॉक्टरांनी स्वतः मोजले. सातच.

"मेणातलं मांस वाढत नसतं, ताई."

"मलाही तेच शिकवलंय, डॉक्टर."

ताईंनी रात्री घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "दिवसभर लोकांच्या गाठी बघतेस, मनाने घेतलंय झालं." पण सकाळी रजा टाकून तोच सोबत आला. सोनोग्राफी झाली, जुन्या व्रणाशेजारून सुईने ताजा तुकडा घेतला. दोन दिवसांनी अहवाल आला. कुठे काही नाही. नवऱ्याने दवाखान्याच्या बाकावरच डोळे पुसले.

डॉक्टरांना चैन पडेना. "हातासरशी ताज्या तुकड्यातलेही ठिपके मोजून टाकू."

सोमवारी ताईंनीच मोजले. पहिल्या पेशीत एक. दुसरीत एक. वीसच्या वीस पेशींत एकेकच.

"रंग नीट धरला नसेल," डॉक्टर म्हणाले. या वेळी त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही.

मंगळवारी ताज्या स्लाइडवर एकही ठिपका नव्हता. निळ्या, रिकाम्या पेशी. शेजारच्या जुन्या कापात ठिपके मोजण्यापलीकडे गेले होते. प्रत्येक पेशी लाल झाली होती.

"दोन्ही ठोकळे आणा," डॉक्टर म्हणाले.

ताईंनी ते खिडकीच्या उजेडात धरले. जुना तुकडा नऊ वर्षांच्या कापांनी नखाएवढा उरला होता. आता तो मेणाच्या चारही कडांना भिडला होता.

नवा ठोकळा काचेसारखा आरपार दिसत होता. आत तुकडाच नव्हता.

बाहेर कुणीतरी लिफ्टची वाट बघत हसत होतं.

"तुम्हाला बरं वाटतंय ना, ताई?"

"मला काय झालंय?" ताई म्हणाल्या. त्यांना खरंच काही होत नव्हतं. दुखत नव्हतं, भूकही नव्हती. रविवारपासून लागलीच नव्हती.

डॉक्टरांनी जुना ठोकळा घेतला. "कोमट आहे हा," ते हळूच म्हणाले.

"बघू."

ताईंनी हात पुढे केला. ठोकळा देताना ताईंची मेणासारखी गार बोटं बोटांना लागली, आणि डॉक्टरांनी हात झटकन मागे ओढला.

ठोकळा मात्र डॉक्टरांनी घट्ट धरून ठेवला होता.