राक्षसाने लावलेले बूट

असं समजा, तुम्ही सहा वर्षांचे आहात. मावशीचा हात धरून जपानमधल्या ओगाच्या डोंगरातल्या जुन्या दगडी पायऱ्या चढताय. दोन्हीकडे देवदार, पायाखाली अर्धवट वितळलेला बर्फ, मागे झाडांतून डोकावणारा करडा समुद्र. आणि वरून कुणीतरी गुरगुरतं. काय कराल?

नोनोने मावशीच्या कोटात तोंड लपवलं. चिनामीमावशीने मात्र वर पाहिलं. एक उंच तरुण झाडासमोर उभा राहून गुरगुरत होता. पण आवाज असा, की मांजराला दूध हवं असावं.

"झाडाने काही केलंय का तुमचं?" तिने विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "सराव करतोय... यंदा मी नामाहागे आहे."

वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी गावातले बिनलग्नाचे तरुण राक्षसाचे मुखवटे आणि पेंढ्याचे झगे घालून घरोघर शिरतात, रडक्या आणि आळशी माणसांना दरडावतात. तेच हे नामाहागे.

"या पायऱ्याही राक्षसांनीच बांधल्या ना?" चिनामी म्हणाली. "एका रात्रीत हजार बांधायच्या होत्या. एक उरली, कोंबडा आरवला आणि पळाले."

"कोंबडा कुठला... गावातलाच एकजण आरवला होता."

"तरी पळालेच. शेवटच्या पायरीवर पळायची तुमची जुनीच सवय."

तो हसला. नाव शुनपेई, वडिलांबरोबर मासेमारी करायचा. पायथ्याच्या चहाच्या दुकानात तिघं चहा प्यायले. निघताना चिनामीने पाहिलं, दाराशी काढलेले सगळे बूट जोडीजोडीने, टाचा आत आणि टोकं बाहेर करून लावलेले.

"आईने सवय लावलीय," तो पुटपुटला. "बूट वेडेवाकडे दिसले की राहवत नाही."

"भयंकर राक्षस आहात."

मग त्याने त्यांना टोकावरचं दीपगृह दाखवलं. तिथल्या वाऱ्याने त्याची टोपी समुद्रात नेली, आणि तो म्हणाला, समुद्राला द्यायचीच होती. रोज तो नोनोच्या आजोबांकडे, म्हणजे चिनामीच्या वडिलांच्या घरी, ताजे मासे घेऊन यायचा.

"जास्तीचे होते..."

"या पोराच्या जाळ्यात रोज आपल्याच घरचे मासे कसे अडकतात?" आजोबा विचारायचे, आणि चिनामी भांडी घासायला पळायची.

पण तिची सुट्टी संपत आली होती. नव्या वर्षात तिला सेंदाई शहरात, नोकरीवर परतायचं होतं. ओगातल्या बालवाडीने तिला शिकवायला बोलावलं होतं, पण तिने उत्तर दिलं नव्हतं. ती एका वाक्याची वाट बघत होती. शुनपेई रोज ते वाक्य घेऊन यायचा, आणि मासे ठेवून जायचा.

वर्षाची शेवटची संध्याकाळ आली. दार धाडकन उघडलं. पाय आपटत दोन राक्षस आले. नोनो आजोबांच्या पाठीमागे. पहिला राक्षस डरकाळी फोडत आत शिरला. दुसरा दारातच थबकला. नोनोचा एक बूट उलटा पडला होता.

त्याने लाकडी सुरा खाली ठेवला, वाकून बूट सरळ केला. मग आजोबांचे. मग चिनामीचे. शेवटी स्वतःचे पेंढ्याचे बूट काढून ओळीत लावले.

"अरे, काय करतोयस?" पहिला राक्षस दबक्या आवाजात म्हणाला. चिनामीने तोंडावर बाही धरली.

"या घरात कुणी आळशी आहे का?" पहिल्याने दरडावलं.

आजोबांनी रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. "नात शहाणी आहे. मुलगी मात्र बालवाडीला उत्तर द्यायला आळस करतेय. कुणीतरी काही बोलेल म्हणून थांबलीय."

"बाबा..."

"नामाहागेशी खोटं बोलू नये, बाळ."

चिनामीने दुसऱ्या राक्षसाला हळूच विचारलं, "कोंबडा आरवला का?"

"नाही," मुखवट्यातून आवाज आला, अजिबात न गुरगुरता. "जाऊ नका. म्हणजे... घाबरवायला आलो होतो, पण मीच घाबरलोय. तुम्ही इथे राहावं, असं मला फार वाटतं."

चिनामी खाली बघत म्हणाली, "उद्या मुखवटा काढून या. मग बालवाडीला काय कळवायचं ते दोघं मिळून ठरवू."

"झालं," पहिला राक्षस म्हणाला. "पुढच्या वर्षी नवा राक्षस शोधा."

आजोबांनी पेल्यांत साके ओतली. कुणाचंच लक्ष नव्हतं, तेव्हा नोनो उठली. रडली नाही. राक्षसाच्या झग्यातून पडलेल्या काड्या ओलांडून ती दाराशी गेली. सगळे बूट बाहेर तोंड करून उभे होते, निघायच्या तयारीत. तिने मावशीचे लाल बूट उचलले आणि घराकडे तोंड करून ठेवले. मग थोडा विचार करून, शेजारचे पेंढ्याचेही.