पल्याडच्या माळ्यावरची आरोळी

पटो न पटो, हे घडलंय. गेल्या दिवाळीनंतर, पिंपळगाव राजाच्या शिवारात. तेही भर दुपारी.

जनकाबाई माळ्यावर, म्हणजे शेतातल्या मचाणावर, बसून ज्वारी राखत होती. एकटीच. आजूबाजूचं सोयाबीन निघालेलं, शिवार ओस पडलेलं.

पूर्वी शेतात दोन माळे होते. एकावर ती, पल्याडच्या टोकाला नवरा, माणिकराव. तुटक, कर्कश आरोळी पाखरांसाठी. लांब ओढलेली माणसासाठी. मी आहे, तू आहेस ना? अशा आरोळीला उलट आरोळी द्यायचीच. नाही आली, तर हातातलं टाकून बघायला धावायचं. शिवारातला रिवाजच तो.

आदल्या वर्षी माणिकरावची उलट आरोळी आली नाही. जनकाबाई धावली. तो माळ्याखाली पडला होता, अंग गार.

त्या दुपारी तिनं उगाच लांब आरोळी दिली. फार एकटं वाटत होतं तिला.

आणि...

पल्याडून उत्तर आलं.

फाटका आवाज. शेवटी खोकला. माणिकरावचाच.

नेमका तेव्हाच तिनं पुण्याहून आलेला पोराचा फोन उचलला होता. चंद्रशेखर म्हणाला, "आई, कोन वरडून राह्यलं?"

"कोनी नाही बाबू. मीच पाखरं हाकलून राह्यली."

खरं तर भ्यायला हवं होतं. तिला बरं वाटलं. मग रोजच ती आरोळी द्यायची, रोज उत्तर यायचं.

एक दिवस पल्याडून आधी आरोळी आली. जनकाबाईनं तोंड उघडलं. ओरडून ओरडून घसा पार बसलेला. नुसती हवा.

पुन्हा आरोळी.

पुन्हा हवा.

मग पाखरं एकदम उडाली... आणि पल्याडची ज्वारी हलली.

वारं पडलेलं होतं. तरी धाटं बाजूला सारत काहीतरी तिच्याकडे येत होतं. धावत.

तिला बघायला.

माळ्याखाली येऊन ते थांबलं... शिडी करकरली. जनकाबाईनं डोळे मिटले. पुढचं ती कुणाला सांगत नाही.

आता ती पुण्यात असते, पोराकडे, चौथ्या मजल्यावर. रोज दुपारी गॅलरीतून एक लांब आरोळी देते. शेजारी कुरकुरतात.

"काऊन वरडतं आई?" चंद्रशेखरनं एकदा विचारलं.

"नाही वरडली तं तुहे बाबा येतीन ना पाह्याले. इतक्या दूर, पायी."

आरोळी देऊन ती कान देऊन उभी राहते. मग निवांत आत येते.

तिला काय ऐकू येतं, हे चंद्रशेखर विचारत नाही. फोनवरचा तो खोकला त्यानंही ओळखला होता.