उपाशीपोटी

बायकोचं हृदय बंद पडल्याचं सांगून झाल्यावर डॉक्टरांनी सुताराला विचारलं, "यांचं कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं?"

आईचा आकडा त्याला पाठ होता, सासऱ्यांचाही. तिचा सांगता येईना. कधी तपासलंच नव्हतं.

आणि दोघांची गाठ पडली होती ती रक्ततपासणीच्या बाकावरच. तो आईला घेऊन आलेला, ती वडिलांना. म्हातारी दोघं रात्रीपासून उपाशी, त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर राग.

"तुमच्या कानावर पेन्सिल राहिलीये," ती हळूच म्हणाली.

"सुतार आहे मी."

"अच्छा... मला वाटलं, कुणाचा फोन नंबर लिहून घ्यायचाय."

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात नर्सने तिच्या वडिलांना हाक मारली.

"आजोबा, काही खाल्लंत?"

"छे!" मिशीत बिस्किटाचा चुरा.

"उद्या या."

ती उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली. सुतार घाईघाईने म्हणाला, "आमच्या आईनेही चहा घेतलाय!"

"मी? कधी रे?" आई उसळली. मग तिने दाराकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. "हो गं बाई... घेतला. दोन कप घेतले."

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच शेजारी बसली.

"आईंनी चहा घेतला नव्हता ना?"

"कसं कळलं?"

"चहा पोटात गेलेलं माणूस एवढं चिडत नाही." तिने पिशवीतून बिस्किटांचा पुडा अर्धा बाहेर काढला. "बाबांना देऊ? म्हणजे उद्याही यावं लागेल..."

"नको. त्यांचं रक्त देऊन होऊ दे," तो म्हणाला. "उद्या आपण — असंच भेटू."

लग्न झालं. दोन्ही म्हाताऱ्यांना तिने वळण लावलं. तेल बेताचं, संध्याकाळी फिरणं, गोळी वेळेवर. दोघांच्या रक्तातली चरबी उतरली. दर वर्षी ती सगळ्यांना त्याच बाकावर नेऊन बसवायची, पुढे पुढे त्यालाही. तो म्हणायचा, "आणि तुझं?"

"तुमचं होऊ दे आधी. मी कुठे पळून जातेय?"

या वर्षी त्याला त्यांची मुलगी घेऊन गेली. रक्त देऊन झाल्यावर तो खुर्चीवरून उठला, पण दाराकडे वळला नाही. हातावर कापूस दाबून धरत नर्सला म्हणाला, "आता हिचं घ्या."

"बाबा, माझं कशाला? मला काय झालंय?"

"तुझी आईही असंच म्हणायची."

मुलगी बाही वर सारून खुर्चीत बसली.

"काही खाल्लंय?" नर्सने विचारलं.

"चहा... बिस्किटं."

सुताराने लेकीची मान हलकेच आपल्याकडे वळवून पाहिलं. ओठांच्या कडेला चुरा होता. आजोबांवर गेली होती. कितीतरी दिवसांनी त्याला हसू आलं.

"उद्या या," नर्स म्हणाली.

तो पुन्हा येणार आहे. लेकीची तपासणी अजून व्हायची आहे.