मच्छिंद्रची हाळी

शंभू, तो मोबाईल पालथा घाल. मोनिका, तूबी. मधी कुणी फिदीफिदी केलं तर मी उठून जाईन, मग बसा एकमेकांची तोंडं बघत.

ही गोष्ट गनीची. घोडनदीला बाजारतळामागं ज्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय, तोच. पटत न्हाई तर सकाळी जाऊन विचारा. मला एकदा सांगितलं, तुमाला सांगायचा न्हाई. पण तोंड बघा त्याचं.

सन नव्व्याण्णव. संक्रांत झाली, दुसऱ्या दिवशी कर. जानेवारीची पंधरा तारीख, शुक्रवार, अमावस्या दोन दिसांवर. गनीचा रोज्यांचा महिना चालला व्हता, आन् त्यात सत्ताविसावी, मोठी रात. घरचे समदे जागणार. बायको खुर्शिद म्हणाली, "आज तरी न्हाई म्हणा की." हा म्हणाला, "तासाभराचं काम हाय. शेवटच्या यष्टीनं येतो."

काम व्हतं दौंडच्या पल्याड, भीमेच्या काठाला. कागदाचा कारखाना. आता बंद हाय, भंगारवाल्यांनी दारंबी नेली. तिथं जुन्या कॉम्प्युटरांची टोकन रिंग व्हती. गोडाऊन, बॉयलर, काटा, आन् पार नदीवरचं पंपहाऊस. नव्या हापिसात साहेबानं इथरनेट घातलं, नव्या तऱ्हेचं जाळं. दोन्हींच्या मधी राउटर बसवला, ब्रिज म्हणून. म्हंजी हिकडचं तिकडं जावं. पण काय जाईना. साहेब रोज राउटरला शिव्या द्यायचा.

माझी शाळा चौथीची. तरी रिंग मला कळली, ती मच्छिंद्रमुळं. मच्छिंद्र माझा भाचा. पंपहाऊसला रातपाळीला एकटाच असायचा. त्या दिवशी तो लवकरच आला व्हता. गनी तिथं वायर तपासाया गेला आन् सांगत बसला. रिंगमधी एक टोकन फिरतं. ज्याच्याकडं टोकन, तोच बोलणार, मग म्होरच्याला देणार. मागच्याचा आवाज आला न्हाई, की म्होरचा त्याचा नंबर घेऊन ओरडतो. तो परत बोलंस्तवर समदी रिंग बंद.

मच्छिंद्र हसला. "गनीभाय, ही तर आमच्या मेंढवाड्याची राखण. रातच्याला चौघं चार कोपऱ्यांना. एकानं हाळी द्यायची, म्होरच्यानं घ्यायची. मागच्याची आली न्हाई तर त्याच्या नावानं ओरडायचं."

"आन् मग?"

"मग काय, काठी घेऊन त्याला बघाया जायाचं. लांडगा आला असंल, पान लागलं, डसलं असंल. तुमच्यात काय करत्यात?"

"आमच्यात त्याची वायर काढत्यात. बाकीची रिंग मग चालती."

"लई वंगाळ रीत हाय," मच्छिंद्र म्हणाला.

सांज झाली. गनीनं जुन्या हापिसात बसून खजूर तोंडात टाकला, रोजा सोडला. तिथंच भिंतीवर रिंगचं खोकं व्हतं, समद्या वायरी त्यात. त्या खोक्याला वीज लागत न्हाई. कॉम्प्युटर चालू झाला, की त्याच्या वायरीमागचं दार उघडतं. टक्. बंद झाला, की आपसूक लागतं. टक्. वायर काढली तरी लागतं. तेवढं ध्यानात ठेवा.

दिवेलागण सरली आन् रिंग ओरडाया लागली. मागचा गप्प झाला, मागचा गप्प झाला. गनीनं नंबर बघितला. पंपहाऊस.

फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलंना.

रखवालदार बबनराव शेकत बसला व्हता. म्हणाला, "आज कर हाय, गनीभाई. मटणाला घरी पळाला असंल. तुमी बसा खजूर खात." दोघंबी हसले. दरसाली करीला कुणी ना कुणी पळायचंच, त्यात नवल न्हवतं.

गनीनं परत राउटर बघितला. ठीक. वायरी बघितल्या. ठीक. परत फोन. रिंग ओरडतच व्हती. तोच नंबर. असं लई येळ. शेवटची यष्टी चुकायची येळ आली. खुर्शिद वाट बघत असणार.

नऊ वाजले. गनीनं पंपहाऊसची वायर काढली.

टक्.

रिंग गप्प झाली. ब्रिज चालू झाला. पहिल्यांदाच. हिकडचं तिकडं जाया लागलं. गनीनं हुश्श केलं. पिशवी उचलली. जाता जाता तिथल्याच पडद्यावर नव्या हापिसाची यादी बघितली, कोण कोण बोलतंय त्याची.

एक नंबर जास्त व्हता.

आता ऐका. रिंगवाले नंबर एका अंगानं वाचत्यात, नवे दुसऱ्या. म्हणून रिंगमधला कुणी ब्रिजवरून गेला, की पल्याड त्याचा नंबर उलटा दिसतो. गनीनं ते दुसऱ्या कारखान्यांत लई येळा बघितलेलं. त्यात भ्यायचं काय न्हाई. त्यानं हा नंबर सुलटा करून वाचला.

पंपहाऊस.

वायर तर त्यानंच काढलेली…

पल्याड गेलेला. उलटा. ज्यांचे पाय उलटे असत्यात, तसा.

टक्.

खोक्यातून आलं. ज्या भोकात वायर न्हाई, त्या भोकातून.

"बबनराव," गनी म्हणाला, "ब्याटरी घ्या."

नदीची वाट. काळोख. दोघं पळत व्हते. पंपहाऊसला दिवा न्हाई. मोटरीचा आवाज न्हाई.

"मच्छिंद्र…"

…

जिन्याखाली व्हता. फ्यूज उडालेला. अंधारात उतरताना पडला, कंबर मोडली. ओरडला असणार. कारखान्याच्या आवाजात कोण ऐकतंय? टाकी भरलेली, म्हणून पाणी थांबल्याचंबी कुणाला कळलं न्हाई.

अंग अजून कोमट व्हतं.

दौंडच्या डॉक्टरनं सांगितलं, नवाच्या आसपास गेला. भिंतीवरचं विजेचं घड्याळ साडेसहाला थांबलेलं. म्हंजी वीज तवाच गेली. कॉम्प्युटर तवाच बंद. खोक्यानं दार तवाच लावायला पायजे व्हतं. मग रिंगमधी त्याची जागा कोण धरून बसलं व्हतं, नवापत्तर? मला इचारू नका. गनीलाबी ठावं न्हाई. त्याला एवढंच ठावं, की वायर त्यानं काढली.

कारखाना मोडला तवा त्यानं ते खोकं मागून आणलं. दुकानात भिंतीला लावलंय. एकबी वायर न्हाई त्याला.

गेल्या करीला मी त्याच्याकडं चहा पीत व्हतो. दिवेलागण झाली. गनी बोलता बोलता थांबला.

टक्.

मी माझ्या कानानं ऐकलं.

गनी उठला. ब्याटरी घेतली. उंबऱ्यापत्तर गेला… आन् उभाच राहिला.

जाणार कुठं?