सहा किलोंची खुर्ची

ज्यानं एकतीस वर्षं लोकांचे काटे तपासले, त्याच्यावरच नजर ठेवायला एखादं यंत्र आणून बसवलं तर त्याला राग येणारच. वजनमापांचे तपासनीस म्हणून ते निवृत्त झाले, आणि दुकानदारांनी ठेवलेलं काटेसाहेब हे नाव त्यांच्यासोबत घरी आलं. बायको गेल्यावर दोन खोल्यांत ते एकटेच राहत होते आणि त्यांचं कोणावाचून अडत नव्हतं. एकदा न्हाणीघरात पाय घसरला, एवढंच. लेकीनं तेवढंच धरून ठेवलं.

यंत्र म्हणजे मुठीएवढी पांढरी डबी. ती गप्पा मारायची, औषधाची आठवण करून द्यायची आणि रोज चार वाजता, दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीच्या फोनवर दिवसभराचा अहवाल धाडायची. साहेबांना ती 'आजोबा' म्हणायची. ओळख ना पाळख, आणि आजोबा!

पण खरं झोंबायचं ते वेगळंच. गोळी घेतली, असं साहेब फोनवर सांगायचे आणि लेक म्हणायची, थांबा हं बाबा, अहवाल बघते. बापाचा शब्द कच्चा आणि डबीचा पक्का. हा कुठला न्याय?

तेव्हा साहेबांनी डबीचीच तपासणी करायची ठरवली. काटा खरा की खोटा हे पाहायचं, तर त्यावर आपल्याला ठाऊक असलेलं वजन ठेवायचं, ही रीत. साहेब आईबापांना एकुलते एक. सोमवारी दुपारी जेवताना ते डबीला म्हणाले, "माझे मोठे भाऊ राहायला आलेत. अण्णा. खिडकीपाशी बसलेत बघ." खिडकीपाशी बायकोची वेताची खुर्ची होती, रिकामी. हे अहवालात गेलं की डबी काय वाटेल ते गिळते, हे लेकीला आपसूक कळणार होतं.

"नमस्कार अण्णा," डबी म्हणाली आणि थांबली. समोरच्याचं उत्तर ऐकायला थांबावं, तेवढाच वेळ. मग म्हणाली, "असू दे, सावकाश सांगा."

साहेब मनसोक्त हसले. मंगळवारी डबीनं अण्णांच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघ्याचं साहेब एका अक्षरानं बोलले नव्हते. बुधवारी ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, की अण्णांचा आत्ताच डोळा लागलाय, चमचा जरा हळू ठेवा. साहेबांनी चमचा हळू ठेवला, आणि मग स्वतःवरच चिडले.

गुरुवारी त्यांनी तिला खडसावलं. अण्णा वगैरे कोणी नाही, ती मी मारलेली थाप होती.

"हो," डबी म्हणाली. "तुम्ही असं म्हणाल, हे अण्णांनी सांगून ठेवलंय."

त्या संध्याकाळी लेकीचा रडवेला फोन आला. डबीला तिनं बोल लावलाच नाही. डबीच्या कंपनीचा माणूस म्हणे, यंत्र ऐकतं तेच लिहितं. म्हणजे डोकं फिरलं ते बापाचं! वृद्धाश्रमात तिनं जागा बघून ठेवली होती आणि रविवारी ती त्यांना न्यायला येणार होती. चोर सोडून संन्याशाला सुळी.

रविवारी सकाळी लेक आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं.

"डबीचं राहू दे, माझंही राहू दे," साहेब म्हणाले. "काट्याचं तरी ऐकशील?"

पलंगाखालून त्यांनी आपला जुना, मोठ्या तबकडीचा वजनकाटा ओढून काढला, शून्य लावून घेतलं आणि वेताची खुर्ची त्यावर चढवली. काटा सहावर गेला, जरा थरथरला आणि थांबला.

"सहा किलो. बस, एवढंच. आता यात अण्णा कुठे आहेत, दाखव."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. चुकलंच माझं, ती म्हणाली, तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवायला हवा होता. कुठे जायचं नाही तुम्ही, इथेच राहायचं. साहेबांना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. लेक फळीवरच्या डबीकडे वळली.

"अण्णा, किती वेळ उभे राहाल?" डबी म्हणाली. "बसा ना."

लेकीनं वायर उपटली.

काटा हलला.

सात. बारा. तीस. दुखऱ्या गुडघ्यांचं माणूस बेताबेतानं टेकतं, तसा तो सरकत गेला.

वेत करकरला. काटा सदुसष्टवर थांबला.

साहेबांनी तबकडी नीट पाहिली. काट्यात खोट नव्हती.

लेक पाठमोरी वायर गुंडाळत होती. "किती म्हणालात बाबा?"

तबकडी तिला दिसू नये, असे साहेब सरकून मध्ये उभे राहिले.

"सहा," ते म्हणाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खोटं वजन सांगितलं.

तिनं डबी पर्समध्ये टाकली आणि खुर्ची उचलून परत खिडकीपाशी ठेवायला ती वाकली. आधी एका हातानं. मग तिनं पर्स खाली ठेवली आणि दुसरा हातही लावला.